झडतीत काही मिळाले नाही, त्याचा कागद कुठे मिळतो?

पत्राचा सारांश (ओळख लपवून): पेडणे तालुक्यातल्या किनारी गावातून एका आईने लिहिले आहे. मुलगा २३ वर्षांचा, किनाऱ्यावरच्या हॉटेलात किचनमध्ये कामाला. शिफ्ट सुटते रात्री एकच्या सुमारास. ह्या हंगामात घरी येताना पोलिसांनी त्याला नाक्यावर अनेकदा अडवले. स्कूटरची डिकी उघडली, खिसे तपासले, एकदा मोबाईलही मागितला. दर वेळी एकच प्रश्न, "गांजा, गोळ्या काय आहे ते सांग." सापडले काही नाही, लिहून दिले काही नाही. शेवटच्या वेळी मात्र एका शिपायाने नाव वहीत टिपले आणि लायसन्सचा फोटो काढला. आता मुलाची बोटीवरच्या नोकरीसाठी निवड झाली आहे आणि पोलिसांचा दाखला लागणार आहे. वडिलांनी माहिती हक्काखाली तीन प्रश्न विचारले: हंगामात त्या नाक्यावर अमली पदार्थांसाठी किती जणांची झडती घेतली, त्यातल्या किती जणांकडे काहीच सापडले नाही, आणि आमच्या मुलाचे नाव कुठे नोंदले आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आले, "अशी माहिती संकलित ठेवली जात नाही." तिसऱ्याला, "उपलब्ध नाही." वडील म्हणतात, लपवतायत, अपील करू. दीर म्हणतात, नोंद नाही तेच बरे, चिखलात दगड टाकू नका. मुलगा म्हणतो, आई, सोड. वाड्यावर कुजबुज चालू आहे की काही असल्याशिवाय पोलीस कशाला अडवतील. आई विचारते: नोंद नाही ह्याचा आनंद मानू की भीती? आणि आता पुढे जावे की गप्प बसावे?

ताई,

आधी दाखल्याचे सांगते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली आहे. दाखल्यासाठी किंवा पासपोर्टसाठी पडताळणी होते तेव्हा पाहतात ते हे, की ह्या माणसावर गुन्हा नोंद आहे का, अटक झाली होती का, न्यायालयात खटला चालू आहे का. रस्त्यात अडवून खिसे तपासणे ह्यातल्या कशातच बसत नाही. एफआयआर नाही, अटक नाही, जप्ती नाही. शिपायाच्या वहीतले नाव म्हणजे गुन्ह्याचा रेकॉर्ड नव्हे. अर्जात "तुमच्यावर गुन्हा आहे का" असे विचारले तर मुलाने बिनदिक्कत "नाही" लिहावे. ते खरेच आहे.

आता तुमच्या यजमानांच्या संशयाकडे वळते. "माहिती संकलित नाही" हे वाक्य वाचून संताप येणे साहजिक आहे. वर्तमानपत्रात तर दर आठवड्याला अमुक किलो गांजा, तमुक लाखांची एमडीएमए असे आकडे छापून येतात, मग मोजत नाहीत म्हणजे काय, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की जे घडले ते कुठेतरी लिहिलेले असणारच, आणि मिळत नसेल तर कोणीतरी ते दडवले असणार. इथे तसे नसावे. तुमच्या गावात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतात. आलेली मासळी पाट्या भरून मोजतात, पण रिकामी आलेली रापण कोणी वहीत लिहीत नाही. अमली पदार्थांच्या कारवाईचे कागद बरेचसे तसेच चालतात.

१९८५ चा अमली पदार्थ कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो कागदाच्या बाबतीत कडक आहे, पण काही सापडल्यावर. जप्ती किंवा अटक झाली की कलम ५७ प्रमाणे ४८ तासांत वरिष्ठाला सविस्तर अहवाल जातो. कलम ५२ अ प्रमाणे मुद्देमालाची यादी, फोटो आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे प्रमाणित करावे लागतात. माल कसा सील करायचा, कुठे ठेवायचा, कधी नष्ट करायचा ह्यासाठी २०२२ मध्ये वेगळे नियमही आले. खबरीवरून एखाद्या घरात किंवा बंदिस्त जागेत शिरायचे असेल तर कलम ४२ खाली ती खबर लिहून ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने तर जागेची झडती आणि वस्तू ताब्यात घेणे ह्यांचे व्हिडिओ चित्रण सक्तीचे केले आहे.

ह्या सगळ्यात तुमचा मुलगा कुठे बसतो पाहा. तो सार्वजनिक रस्त्यावर होता. त्याच्याकडून काही ताब्यात घेतले नाही, घरात कोणी शिरले नाही. म्हणजे अहवाल नाही, यादी नाही, पंचनामा नाही, बहुधा चित्रणही नाही. कायद्याने मोजायला सांगितलेलेच नाही, म्हणून आकडा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातही गुन्हे, आरोपी आणि जप्त मालाचे वजन मिळेल, झडत्यांची संख्या मिळणार नाही. पर्वरीच्या विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात आणि गृहखाते तक्ते देते, तेही नोंद झालेल्या गुन्ह्यांचेच असतात. किती जणांना थांबवले आणि किती जण मोकळ्या हाताने घरी गेले, हे गोव्यात कोणी नेमके सांगू शकेल असे मला वाटत नाही. खुद्द पोलीस महासंचालकही.

सापडलेल्या मालाचे आकडेसुद्धा जपून वाचावे लागतात, हे यजमानांना जरूर सांगा. गोव्यात एकच खाते जप्ती करत नाही. अमली पदार्थविरोधी विभाग, प्रत्येक पोलीस स्थानक, गुन्हे शाखा, केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग (एनसीबी), विमानतळावर कस्टम्स, ज्याच्या त्याच्या वह्या वेगळ्या. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर राष्ट्रीय अहवालात तो सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली एकदाच मोजतात. खुनाच्या एफआयआरमध्येच चरसाचेही कलम लागले तर ती नोंद खुनाच्या रकान्यात जाते. बातमीत जी लाखांची किंमत येते तिला कायद्यात फारसे महत्त्व नाही, कायदा वजन पाहतो. गांजा १ किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि २० किलोच्या वर व्यापारी, चरसाला हेच १०० ग्रॅम आणि १ किलो. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात ठरवल्यापासून भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचे वजन धरतात, त्यामुळे "इतके ग्रॅम" म्हणजे शुद्ध माल किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय जप्ती वाढली म्हणजे व्यसन वाढले की छापे वाढले? एका आकड्यातून दोन्ही वाचता येते, आणि राजकारणी आपल्या सोयीचे वाचतात.

मालखान्याचे तर विचारूच नका. जप्त मालाचे पुढे काय होते, ह्याचा हिशेब राज्यांना नीट देता येत नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाला मोहनलाल प्रकरणात २०१६ मध्ये साठवण आणि विल्हेवाटीबद्दल निर्देश द्यावे लागले. आपल्याकडे २०१० मध्ये पोलीस आणि ड्रग्जवाल्यांचे लागेबांधे उघडकीला आले, अमली पदार्थविरोधी विभागातलेच पोलीस अटकेत गेले आणि पुढे विधानसभेची सभागृह समिती नेमावी लागली, हे तुमच्या पिढीला आठवत असेल. तेव्हा यजमानांचा अविश्वास हवेतून आलेला नाही. माझे म्हणणे एवढेच, की ह्या विशिष्ट उत्तरामागे लपवाछपवी शोधण्यात त्यांची शक्ती वाया जाईल.

म्हणून अपिलाबद्दल माझे स्पष्ट मत: पहिल्या दोन प्रश्नांवर अपील करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितले आहे की जी माहिती कार्यालयाकडे नाही ती नव्याने गोळा करून, तयार करून देण्याचे बंधन माहिती हक्क कायदा घालत नाही. तुम्ही माहिती आयोगापर्यंत गेलात तरी बहुधा हेच ऐकवतील.

तिसरा प्रश्न वेगळा. तो मुलाबद्दल आहे, मुलगा सज्ञान आहे, आणि अर्ज वडिलांच्या नावाने गेला आहे. त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून उत्तर टाळायला ही आयती वाट आहे. नवा अर्ज मुलाच्या सहीने करा, शुल्क १० रुपये. आणि ह्या वेळी संख्या मागू नका, अस्तित्वात असलेला कागद मागा. नाकाबंदीला पोलीस आपल्या मनाने जाऊन उभे राहत नाहीत, त्यांना ड्यूटी लावलेली असते, आणि स्थानकातून निघाल्याची, परत आल्याची नोंद स्टेशन डायरीत होते. तेव्हा असे लिहा: "अमुक तारखेच्या रात्री १२ ते पहाटे ३ ह्या वेळेतील, अमुक नाक्यावरील नाकाबंदीसंबंधीच्या स्टेशन डायरीतील नोंदींची प्रत, त्या रात्रीच्या ड्यूटी आदेशाची प्रत, नाकाबंदीत व्यक्तींची झडती घेण्याबाबत लागू असलेल्या परिपत्रकांची वा आदेशांची प्रत, आणि ह्या नोंदींत माझे नाव असल्यास तेवढ्या भागाची प्रत." प्रत देणे शक्य नसेल तर कागद प्रत्यक्ष पाहू द्या, असेही लिहा. पाहणीचा हक्क कायद्यातच आहे. तपासात अडथळा येईल म्हणून नकार आला तर कोणत्या तपासात आणि कसा अडथळा, हे त्यांनी सांगायला हवे, आणि त्यावरचे अपील मजबूत असते.

पण ताई, अर्ज करण्याआधी एक विचार करा. यजमानांना हवे आहे की पोलिसांनी दर वेळी नोंद करावी: अमुक माणसाची झडती घेतली, काही सापडले नाही. ऐकायला न्याय्य वाटते. पण अशा पाच नोंदी तुमच्या मुलाच्या नावावर पोलीस स्थानकात पडल्या असे समजा. उद्या नवा अधिकारी येतो, वही चाळतो. त्याला "काही सापडले नाही" दिसेल, की "हा मुलगा ड्रग्जसाठी पाचदा तपासला गेलेला" हे दिसेल? निर्दोषांची नावानिशी यादी ही संशयितांची यादी व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे "नोंद नाही तेच बरे" म्हणणारे तुमचे दीर चुकतात, पण अगदीच चुकत नाहीत.

माझ्या मते कागद हवा तो ज्याची झडती झाली त्याच्या हातात, आणि पोलिसांकडे हवी ती बिननावाची मोजणी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस कायद्यापासून झडतीची नोंद करावी लागते आणि त्या माणसाला तिची प्रत मागता येते. तिथेही अमली पदार्थ हेच झडतीचे सर्वांत नेहमीचे कारण, आणि बहुतेक झडत्यांत पुढे कारवाईच होत नाही, हे त्या मोजणीमुळेच लोकांना कळले. आपल्याकडे हे कोणी मागितलेले मी तरी पाहिले नाही. तुमच्या आमदारांना भेटाल तेव्हा "किती झडत्या घेतल्या" हे विचारायला सांगू नका, त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेलेच आहे. "नाकाबंदीतल्या झडत्यांची बिननावाची संख्या ठेवायला कधी सुरुवात करणार" हे विचारायला सांगा.

तोवर कागद आपणच करायचा. मुलाला सांगा, अडवले गेल्यावर घरी पोचताच, त्याच रात्री, स्वतःलाच एक ई-मेल पाठव. त्यात तारीख, वेळ, जागा, जीपचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचे नाव दिसले असेल तर ते, काय तपासले, काय विचारले, सोबत कोण होते. रागाचा शब्द नको, आरोप नको. हॉटेलच्या मॅनेजरकडून शिफ्टच्या वेळेचे एक पत्र घेऊन डिकीत ठेवले तर नाक्यावरच बरेच प्रश्न मिटतात. हे पोलिसांशी भांडण्यासाठी नाही. सहा महिन्यांनी कोणी विचारले तर "बहुतेक मंगळवार होता" असे म्हणण्याची पाळी येऊ नये म्हणून.

आणि नाक्यावर? अंगझडती घेण्याआधी राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी ह्यांच्यासमोर झडती व्हावी असा तुझा हक्क आहे, हे पोलिसांनी सांगायला हवे, असे एनडीपीएसचे कलम ५० म्हणते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पाळणे सक्तीचे असल्याचे ठासून सांगितले. मात्र हे अंगाच्या झडतीला लागू होते, बॅगेला नाही, असा २००५ चा निकाल आहे, त्यामुळे डिकीसाठी हा हक्क सांगून उपयोग नाही. रात्री दीड वाजता हा हक्क बजावायचा तर अधिकारी येईपर्यंत तासभर ताटकळावे लागेल, हेही खरे. खिसे वरवर चाचपत असतील तर मी माझ्या घरच्या मुलाला म्हणेन, होऊ दे. पण कपडे काढायला सांगितले, कोपऱ्यात नेले, किंवा कोणी मुठीत काही लपवून खिशात हात घालतोय असे वाटले, तर तिथे थांबून, "साहेब, राजपत्रित अधिकाऱ्यांसमोर घ्या," एवढे एकच वाक्य नम्रपणे बोलावे. पंचनामे वाचलेत तर दिसेल की पोलिसांनी आणि पंचांनी आधी आपली झडती देऊ केली, असे वाक्य त्यात असते. ते वाक्य उगाच आलेले नाही. मुलींच्या आयांसाठी: बाईची झडती बाईनेच घ्यायची, ह्याला अपवाद नाही. मोबाईल उघडून दाखवणे हा खिसे तपासण्याचा आपोआप येणारा भाग नाही. "कशासाठी पाहिजे, साहेब?" असे विचारायला हरकत नाही.

काही ताब्यात घेतले, अगदी साधा लायटर किंवा फोन जरी, तर मात्र यादीची प्रत मागितल्याशिवाय हलू नये. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको. हे पंच म्हणून बोलावले जाणाऱ्यांनाही सांगते, कारण किनारपट्टीवर शॅकवाले आणि दुकानदार ह्यांना हे बोलावणे हमखास येते. लेखी आदेशाने बोलावले असता विनाकारण नकार देणे हा गुन्हा आहे, तेव्हा जा, पण डोळ्यांसमोर जे झाले तेवढ्यावरच सही करा आणि सहीखाली वेळ घाला. काही वर्षांनी न्यायालयात उलटतपासणीला तुम्हीच उभे राहणार आहात.

तक्रारीचा पर्याय आहे. विनाकारण, त्रास देण्यासाठी झडती घेतली तर एनडीपीएसच्या कलम ५८ खाली त्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण झडतीला कारण नव्हते हे सिद्ध करायला जी नोंद लागेल, नेमकी तीच कोणी ठेवलेली नसते. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे. मुलगा दोन-तीन महिन्यांत बोटीवर जाणार असेल आणि मारहाण, पैसे मागणे असे काही झाले नसेल, तर मी आत्ता तक्रारीत पडणार नाही. पैसे मागितले असतील तर गोष्ट वेगळी, मग एक दिवसही थांबू नका. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

राहिला वाडा. तुम्ही पत्रात लिहिले आहे, "माझा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही." माझा विश्वास आहे. पण वाड्यावर उत्तर देताना हे वाक्य वापरू नका, कारण मग तुम्ही त्याच्या चारित्र्याचा खटला स्वतःच अंगणात चालवायला घेता. रात्री एकला, हंगामात, किनारी रस्त्यावर स्कूटरवरचा तरुण पोर अडवला जातो, तो कोणाचाही असो. ज्यांच्या मुलांच्या शिफ्ट संध्याकाळी सहाला सुटतात, त्यांची मुले अडवली जात नाहीत, बस. आणि हे वाचणाऱ्या एखाद्या आईच्या मुलाच्या खिशात खरोखरच काही सापडत असेल तर तिलाही सांगते, झडतीचे नियम तुमच्या मुलालाही तेवढेच लागू आहेत. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याचे कलम ६४ अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. बांबोळीच्या मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात.

शेवटी तारखांचे. आलेले उत्तर यजमान फाडून टाकायच्या बेतात आहेत असे तुम्ही लिहिले आहे. तसे करू देऊ नका. "उपलब्ध नाही" ह्या दोन शब्दांखाली माहिती अधिकाऱ्याची सही आणि तारीख आहे, म्हणजे त्या दिवशी मुलाच्या नावाची नोंद आपल्याकडे नाही असे पोलीस स्थानकाने लिहून दिले आहे. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक मुलाच्या फाइलमध्ये जाऊ दे. तिसऱ्या प्रश्नावर अपील करायचेच ठरवलेत तर उत्तर हाती आल्यापासून ३० दिवस मिळतात, म्हणून पोस्टाचा शिक्का असलेला लिफाफाही जपा. नवा अर्ज मात्र मुलाने बोट गाठण्याआधी, ह्याच आठवड्यात करावा. उत्तराला ३० दिवस लागतील, आणि सही त्याचीच हवी.